चाळीस किलोच्या वर

चारचा गजर व्हायच्या आधीच मी उठून बसले.
येळ्ळूरच्या शिवारावर अजून काळोख,
ओट्यावर सहा अंडी गार पाण्यात पडलेली,
सोलायची राहिलेली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला आकडा
फ्रिजच्या दारावर अजून चिकटलेला आहे:
रोज साठ ग्रॅम प्रोटीन.
गोळ्या संपल्या, कागद राहिला.
सहा महिने मी ह्या घरात तराजूसारखी वागले.
एक अंडं म्हणजे सहा. मूठभर पुटाणे, सहा.
शेंगा मोजताना भरमा म्हणायचा,
"आक्का, एक शेंग कमी पडली बघ, आता मरतो की मी."
मी हसायची नाही.
आई तर उठून परसातच जायची.

आज शेंगा भाजल्या, सालासकट.
मोड आलेले हुलगे परतले, कांदा वेगळा बांधला,
घालून नेला की दुपारपर्यंत वास मारतो.
दोन कडक भाकऱ्या मोडून, जवसाची चटणी,
पुटाण्याच्या पिठाचे लाडू, गूळ बेताचा,
आणि गोकाकच्या करदंटाचे चार तुकडे.
सहा होते. काकानं आणले
पोराच्या अंगाला लागू दे म्हणून,
आणि जाता जाता दोन स्वतःच खाल्ले.
आई कुंद्याचा डबा घेऊन उभी. मी नको म्हटलं.
"एक दिवस की गं."
मग कुंदाही घेतला. त्याचे ग्रॅम मोजले नाहीत.

कित्तूरच्या अलीकडं, हायवेला लागून, ते पार्क.
कमानीवर सिमेंटचा हत्ती, सोंडेतून पाणी.
गेटवरच्या बाईनं पिशवी उघडली.
"ऊट ओळग बिडंगिल्री."
खाणं आत सोडत नाहीत, हे मला कळलं.
आमच्या गल्लीत कुणाला कळत नाही?
पण तोंडातून मराठीच आली, तीही अडखळत,
की त्याला दर दोन तासांनी खायला लागतं,
की आतला तळलेला बटाटा नि मैदा त्याला...
तिनं मान हलवली. मागची रांग कुरकुरली.
भरमानं माझी बाही ओढली: सोड, ठेव इथंच.
तेव्हा मी एवढंच म्हटलं,
"औषध री."

तो शब्द तिच्याकडंही तसाच आहे.
तिनं अंड्यांकडं बघितलं,
मग भरमाच्या मनगटाकडं, घड्याळाचा पट्टा
शेवटून दुसऱ्या भोकात.
"एष्ट तिंगळा?"
"आरू," म्हटलं. सहा महिने.
"नम्म तम्मगू..." माझ्या भावालाही,
एवढं बोलली आणि थांबली.
पिशवीची चेन तिनंच लावली.

मोठ्या झोक्याच्या पायऱ्यांशी वजनकाटा.
चाळीस किलोच्या खाली प्रवेश नाही.
दिवाळीत हा छत्तीस होता.
मी दुसरीकडं बघितलं, फुगेवाल्याकडं.
त्रेचाळीस. काट्यावरच्या पोराला काय त्याचं,
"होगरी, होगरी," म्हणून त्यानं पुढं ढकललं.

झोका वर गेला. सगळी पोरं किंचाळली,
त्यात मी फक्त त्याचं किंचाळणं ऐकत होते,
मध्ये खोकला येतो का म्हणून.
नाही आला.
दुसऱ्या फेरीलाही कान तिथंच.

मग ओल्या चड्डीवर, लॉकरच्या सावलीत बसून
ओल्याच हातानं त्यानं अंडी खाल्ली,
मिठाची पुडी भिजून गेली होती.
हुलगे खाल्ले, माझ्या वाटचा करदंट खाल्ला.
कुंदा तर सगळ्यांच्या आधीच संपवलेला.
एक लाडू मी कागदात गुंडाळून ठेवला,
गेटवरच्या त्या बाईसाठी.
परत निघालो तर पाळी बदललेली,
खुर्चीवर एक म्हातारा, मोबाइलात डोकं.

बस हिरेबागेवाडीच्या टोलला थांबली
तेव्हा भरमा माझ्या खांद्यावर झोपलेला.
खांद्याला रग लागली, हात बधिर झाला,
तरी मी त्याला सरकवलं नाही.
लाडू मांडीवर फुटून सगळा भुगा झालेला.
तोच बोटानं टिपून खात
मी बेळगावपर्यंत आले.