म्योर्ची

मारियुनमावशीची बोटं वाकडी झाली
चाळीस वर्षं कॉडचे काटे काढून.
म्हणून फोन मीच दिला. म्हटलं, टाइप नको करूस,
नुसतं बोल.

ती बोलली. फोन गप्प.
आमची फेरो बेटांची भाषा त्याच्या यादीत नव्हती;
एवढ्याशा तोंडांसाठी कोण कान घडवणार?
"मग डॅनिश बोल."
मावशी ताठ बसली, केस सारखे केले,
शाळेत मास्तरांपुढे उभी राहायची तशी,
आणि एकेक अक्षर पुसूनपासून बोलू लागली.

हे ऐकतं कसं, तिनं विचारलं.
म्हटलं, तुझा आवाज तो चिरतो,
सेकंदाचे शंभर काप,
प्रत्येक कापातले चढउतार मोजतो,
मग लाखो परक्यांच्या बोलण्याशी ताडून म्हणतो,
बहुधा हा शब्द असावा,
आणि ह्याच्यामागून सहसा तो येतो.
"म्हणजे अंदाजपंचे."
"अंदाजपंचेच. पण फार शिकलेला."

वारा सुटला की तो वाऱ्याचंही काहीबाही लिहितो.
एकदा ती विचार करत नुसती थांबली,
तर पडद्यावर उमटलं: धन्यवाद.
कुणाला? मला सांगता आलं नाही.

नोव्हेंबरात धुकं आलं, समुद्रावरून चढत,
घराच्या पायऱ्या एकेक गिळत.
धुक्याला आमच्याकडे बरीच नावं. हे म्योर्ची.
डॅनिश बोलता बोलता तेवढा एक शब्द
घरच्या सपातांवरच बाहेर पडला.
फोननं त्याला हाताशी होता तो कोट चढवला:
मॉर्क. अंधार.
शंका नाही, लाल रेघ नाही. सरळ ध चा मा.
तोर्शाव्नला माझ्या आईनं वाचलं:
"अंधार दारापर्यंत आलाय. हानुस नाही.
मी दिवा लावून बसलेय."

आईनं तसाच फोन लावला, चष्मा हातातच.
"अगं, काय झालं?"
"कुठे काय? म्योर्ची!"

मग तासभर दोघी,
एकमेकींची वाक्यं तोडत, अर्धी टाकत,
"ते गं, त्या ह्याचं" एवढ्यावरच हसत.
फोनला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.
नुसता आवाज नेत होता, इकडचा तिकडे.

हानुस नऊला आला, दारातच मोजे पिळत.
मेंढ्या सापडल्या होत्या, एक सोडून.
बटाटे तळाला लागले होते.