लॉकिंग पिन, नग चार

ड्रॉइंग आलं तेव्हा त्यावरचं देशाचं नाव
काळ्या शाईनं खोडलेलं होतं.
विसपुते शेठनी कागद ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला,
मग म्हणाले, आपल्याला काय करायचंय,
पिन वाचा.

मी पिन वाचली.
व्यास बेचाळीस, वजा दहा ते वजा पंचवीस मायक्रॉन.
लांबी एकशे ऐंशी. कडकपणा, गोलाई, टोकाचा उतार.
कोपऱ्यात बारीकसं चित्र:
आठ चाकांवर एक पोट, पोटावर पेटीसारखं धड,
आणि धडाला खाली धरून ठेवणाऱ्या चार पिना.
टीप क्रमांक सहा,
धड एका तासात बदलता आलं पाहिजे.
म्हणजे सकाळी जखमींना आणणारी गाडी
दुपारी तोफ.
चाकं तीच. ड्रायव्हरही बहुतेक तोच.

अंबडला त्या बुधवारी वीज नव्हती,
पहिले वीस नग रात्रपाळीला काढले.
ग्राइंडरवर दगू बेंडकुळी, पेठकडचा,
ठिणगीवरून सांगतो किती उरलंय.
किती, दगू?
अर्धा केस, मॅडम.
मायक्रोमीटर म्हणाला, पस्तीस.

मग ते स्वतःच आले, खोडलेल्या देशाचे लोक.
दारात बूट काढायला निघाले, शेठ नको नको म्हणाले.
त्यांतला एक उंच माणूस
माझ्या टेबलापाशी उकिडवा बसला
आणि दुभाषी मुलीकरवी विचारलं,
ही तुटली तर सही कुणाची?
मी माझा शिक्का दाखवला. त्रिकोण, आत सतरा.
त्यानं तो घेतला, स्वतःच्या तळहातावर उमटवला,
आणि बघत बसला, शाई वाळेपर्यंत.
जुन्या गाडीवर माझा भाऊ होता, म्हणाला.
पुढचंही काही म्हणाला तो, बराच वेळ.
मुलीनं ते मराठीत आणलं नाही.
चहा आला. त्यानं साखर जास्त मागितली.

तीनशे बारा गाड्या.
पहिल्या यादीत चाळीस रुग्णवाहिका होत्या,
दुरुस्ती क्रमांक तीनमध्ये सहा.
बाकीच्या चौतिसांचं धड बदललं, कागदावरच,
एका तासापेक्षाही लवकर.
पिना मात्र तेवढ्याच, बाराशे अठ्ठेचाळीस.
शेठ म्हणाले, आपला आकडा हलला नाही ना?
मग वाटा पेढे.
मीही खाल्ला. केशरी होता.

नाकारलेला नग कापायचा,
वजन करून भंगारात लिहायचा, असा नियम.
एक नग चार मायक्रॉननं गेला, वजा एकोणतीस.
दगू कटरकडे निघाला होता.
मी म्हटलं, ठेव, मी बघते.
वहीत लिहिलं, ‘कापली’.
आणि डब्याच्या पिशवीत, डब्याखाली,
दोन किलोला जराशी कमी,
पवननगरपर्यंत मांडीवर.

तेरा वर्षांत खोटं लिहिलं ते एवढंच.
घरातला बत्ता फुटला होता, हे कारण नाही.

आता तिच्यानं लसूण कुटते, हिरवी मिरची,
शेंगदाण्यांना तर दोन घाव पुरतात.
पोरगा विचारतो, कशाची गं ही?
मशीनची, म्हणते.
कुठल्या?
आणि मी मीठ शोधायला लागते.

काही रात्री देवळालीकडून सराव ऐकू येतो.
आवाज उशिरा येतो, आधी झाकणं वाजतात.
तेव्हा कुटायचं थांबवते,
पिन धुते, पुसते, गंजू नये म्हणून
थेंबभर गोडेतेल लावते
आणि सवयीनं अंगठा फिरवते तिच्यावरून,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
कुठं कमी आहे ती?
चार मायक्रॉन हाताला कळत नाहीत.

उद्या एकशे साठ नग आहेत.
दगूला सांगायचंय,
चाक ड्रेस करून घे आधी.