एर्मिंदाची शिट्टी

कॅमू-कॅमूच्या बर्फकांड्यांखाली
मी किटची पाकिटं ठेवते.
तीस अंशांच्या वर ती नासतात,
आणि इकितोसमध्ये सावलीसुद्धा
तीसच्या वरच असते.
कांडी शोधणारा हात खोल जातो:
"झुल्मा, हे काय गं?"
"ते चोखायचं नाही," मी म्हणते, "ते बोट मागतं."

नदीकाठी, खांबांवरच्या घरांमागे
शनिवारी आमचा व्हॉलीबॉल.
नेट म्हणजे मासेमारीचं जुनं जाळं.
पार्लरांतून, खानावळींतून,
बाजारातल्या केळ्यांच्या ढिगांमागून पोरी येतात,
नखं कापून, केस वर बांधून.
हरणाऱ्यांनी बिअर द्यायची.
बोट द्यायचं की नाही, हे जिचं तिनं ठरवायचं.
मी नुसती बसून असते, पेटीपाशी.

दवाखान्यात का जात नाही तुम्ही,
असं लिमाहून आलेला डॉक्टर विचारत होता.
मी गेले होते की.
फुलाफुलांच्या झग्यात बाकावर बसले होते
आणि नर्सनं ओळखपत्र वाचून हाक मारली:
"सेगुंदो आर्तेमियो!"
मी उठले. चाळीस माना वळल्या.
माझं रक्त मी तसंच घेऊन घरी आले.
पुढे चार वर्षं ते कुणाला दाखवलं नाही,
दाखवलं तेव्हा दोन रेघा होत्या.

आता सकाळी एक गोळी,
कोंबड्यांना दाणे टाकायच्या आधी.
तो माझ्यात आहे, पण मशीनला सापडत नाही.

आज सोल आलं.
सोल म्हणजे तो नाही, ती नाही; आम्ही ते म्हणतो,
घरातल्या शेंडेफळाला म्हणावं तसं.
एकोणीस वर्षांचं. बॉल उचलून देण्यात
त्याचा हात धरणारं कुणी नाही.
"उजवं नको, डावं बोट घे."
थेंब पडला.
"पंधरा मिनिटं लागतील."
"म्हणजे एक सेट," म्हणत ते पळालं,
कापूस अंगठ्याखाली दाबून.

पंचवीस-एकवीस.
एक रेघ.
सोलनं ती चारदा पाहिली, बल्बकडे धरून,
मग हळूच म्हणालं,
"त्या रोजच्या गोळ्या असतात ना, होऊ नये म्हणूनच्या?
आईला सापडल्या तर?"
मंगळवारी बोटीनं नर्स येते, म्हटलं,
ही वेगळी आहे, हाका मारत नाही, नाव विचारते.
डबी मात्र आजच घेऊन जा.
व्हिटॅमिनची आहे, रिकामी.
आया व्हिटॅमिनला हरकत घेत नाहीत.

बॉल दिसेनासा झाला तरी
एर्मिंदा शिट्टी वाजवत होती.
आमची पंच. एकसष्ट वर्षांची,
एकावर एक रचलेल्या तीन खुर्च्यांवर बसणारी.
तिच्या वेळी किट नव्हतं, गोळी नव्हती.
पोरी ताप घेऊन आपापल्या गावी गेल्या,
आणि घरच्यांनी क्रुसांवर
पुरुषांची नावं रंगवली.
दफनभूमीत तिला तिची कुणीच सापडत नाही.
दर नोव्हेंबरला मेणबत्त्या घेऊन जाते,
अंदाजानं लावून येते.

तिनं बोट कधी दिलं नव्हतं.
मीही मागितलं नव्हतं.

जाळं गुंडाळून झालं, तशी ती आली
आणि बर्फपेटीसमोर उकिडवी बसली.
"किती उरल्यात?"
"कांड्या संपल्या."
"कांड्या कोण विचारतंय?"

कातडी जाड. दोनदा टोचावं लागलं.
वहीत लिहायला लागले, तर तिनं पेन धरलं:
"सगळं लिही. एर्मिंदा दे लास निएवेस.
आणि पहिलं ते मुकं अक्षर खाऊ नकोस.
ऐकू येत नाही, पण आहे ते."

मी पुन्हा लिहिलं, मुक्या अक्षरापासून.
पेटीत बर्फाचं पाणी डुलत होतं.
पलीकडे कुणाची तरी मोटारबोट
सुरू होता होत नव्हती.
मी घड्याळ पाहिलं: सहा मिनिटं.
शिट्टी अजून तिच्या दातांत होती,
आणि श्वासागणिक,
तिच्या नकळत,
अगदी बारीक वाजत होती.