खिसे

माझं काम खिसे तपासायचं.
मशीनमध्ये टाकण्याआधी
प्रत्येक वाळूरंगी विजारीचे सगळे खिसे.
च्युइंगगम निघतं, नाणी निघतात,
एकदा दुधाचा दात निघाला, कापसात गुंडाळलेला.
सगळं पाकिटात भरायचं, वर पावती टाचायची.

दोन हजार चार साल. रमजान लागला होता.
आरिफजानच्या तळावर सैनिकांच्या तोंडी एकच विषय
आणि रात्री महबुल्याच्या खोलीत आमच्याही.
आठ बंक, आवाज गेलेला एक टीव्ही.
पडद्यावर दोन माणसं हात हलवायची,
आम्ही ठरवायचो कुणाच्या बाजूनं व्हायचं.

रौफ पारकर म्हणाला, नवा येऊ दे,
लढाई आटपेल, दोन्हीकडची पोरं वाचतील.
यादगिरीनं बोटं मोडून दाखवली :
लढाई आटपली की कपडे मळायचे थांबले,
कपडे थांबले की कंत्राट,
आणि एजंटचे अजून चाळीस हजार आहेत माझ्या डोक्यावर.
मग कुणीच बोललं नाही.
सिराजनं सहरीचा भात झाकून ठेवला.

मी कुणाचा होतो?
पगाराच्या दिवशी एकाचा.
तीनदा धुऊनही न निघालेला डाग
हाताखाली आला की दुसऱ्याचा.

तेरा ऑक्टोबरला गावी विधानसभेचं मतदान झालं.
शैला फोनवर म्हणाली,
तुमचं मत कुणीतरी देऊन गेलं, सहीसकट.
सही कशी होती? मी विचारलं.
म्हणाली, तुमच्यापेक्षा बरी.

त्याच आठवड्यात डेलगाडो नावाच्या विजारीत,
डाव्या मांडीच्या खिशात, एक लिफाफा.
चिकटवलेला. पाठवायचा राहिलेला.
टपाली मत आहे हे कळण्याइतकं इंग्रजी मला येतं.
ट्यूबलाइटसमोर धरला, आत नुसती सावली.
डेलगाडोचा चेहरा आठवून पाहिला :
पावती घेताना दर वेळी थँक्यू म्हणतो.
यावरून काय कळणार?

मशीन सुरूच होतं, साठ अंशांवर.
टपालपेटी समोर, वीस पावलांवर,
पण ती त्यांची. आम्हाला तिथं उभं राहायचीही मनाई.
मी वहीत लिहिलं : कागद, एक. कोरडा.
आणि पाकीट टाचलं.

कपडे न्यायला तो आला नाही.
तुकडी रातोरात सरहद्दीपलीकडे गेली, असं कुणी म्हणालं.

निकाल लागला तेव्हा आम्ही दिवसपाळीला होतो.
संध्याकाळी रौफनं खजूर तोंडात टाकला,
टीव्हीकडं पाठ करून बसला.
कंत्राट वाढलं. यादगिरीनं घरी पैसे धाडले,
सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो.

न नेलेलं सामान नव्वद दिवस ठेवायचं, असा नियम.
फळीवर तिसरी पिशवी डेलगाडोची.
वाळू दाराच्या फटीतूनही येते.
सकाळी आधी ती पिशवी झटकतो,
मग खिशांना लागतो.