दरपत्रक

कुरियरवाला गावात येत नाही.
पेट्रोल पंपापाशी थांबून फोन करतो,
आणि मी खजुराच्या पातीच्या अठरा टोपल्या
मागच्या सीटवर पट्टा लावून बसवते,
शाळेत सोडायच्या पोरांसारख्या.
निझव्याहून पाऊण तास आत आमचं गाव.
डोंगर, मग डोंगर, मग ते वळण
जिथं रेंज येते
आणि अख्ख्या जगाची घाई खिशात खणखणते.

आज दुबईच्या हॉटेलचं पत्र होतं.
सहाशे नग, खोल्याखोल्यांत फळं ठेवायला.
दर निम्म्यावर आणा.
आणि विणणाऱ्या बाईचा एक फोटो,
शक्यतो हसरा.

मी इचलकरंजीची.
आमच्या मागच्या भिंतीपलीकडं सोळा माग रात्रभर चालायचे,
खडखडाट थांबला की आम्हाला जाग यायची.
बाबांच्या वहीत एक रकाना होता, कटती.
डाग पडला, कटती. तार तुटली, कटती.
शनिवारी माणसं रांगेनं अंगठा टेकवायची
आणि मी त्याच वहीच्या पाठकोऱ्या पानांवर
फुलं काढत बसायची.
माझी पहिली नक्षी तिथली.
माहितीपत्रकात हे मी लिहिलेलं नाही.

दर लावायला मला इथल्या फलजनं शिकवलं.
फलज म्हणजे पाट, डोंगराच्या पोटातून आलेला.
मशिदीमागं एक काठी रोवलीय, जमिनीवर खुणा.
सावली खुणेला टेकली की म्हातारा खलफान
फडकी कोंबलेला दगड उचलतो
आणि पाणी एका बागेतून दुसऱ्या बागेत वळतं.
आमच्याकडं पाटकरी पाळी देताना
कुणाच्या दारात गाडी आहे ते बघायचा.
काठीला डोळेच नाहीत.

म्हणून मी नगावर पैसे देत नाही, सावलीवर देते.
जोखाची टोपली तीन पाळ्यांत होते,
रय्याची पाचांत, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.
नवरा म्हणतो, याला धंदा म्हणत नाहीत.
तो दवाखान्यात एक्स-रे काढतो,
हाडं कुठं मोडतात ते त्याला आधी दिसतं.

त्या वळणावरच गाडी थांबवून
मी हॉटेलला नकार लिहिला.
चार ओळी. फार चांगल्या जमल्या होत्या.
दोनदा वाचल्या, मग पाठवल्या.

संध्याकाळी जोखाला सांगितलं.
ती पाती भिजत घालत होती.
हात पाण्यातच ठेवून म्हणाली,
कुणाला विचारून?

मी दराचं सांगितलं. फोटोचं सांगितलं.
बाबांच्या वहीचंही सांगणार होते.
ती म्हणाली, सहाशे टोपल्या म्हणजे माझं लायसन्स.
गाडी शिकायची फी, परीक्षेची फी, चष्मा.
बावन्न वर्षांची झाले,
पंपापर्यंत जायला अजून मुलाची वाट बघते,
नाहीतर तुझी.
नाही म्हणायचंच असेल तर मी म्हणेन. तू का?

आणि फोटो?
तिनं मान वळवली.
गेल्या महिन्यात नव्या नक्षीचा एकुलता एक नमुना खाल्लेली शेळी
भिंतीवर उभी होती.
तिचा दे, म्हणाली. ती कायम हसते.

अंधार पडता पडता आम्ही दोघी परत वळणावर.
जोखा शेजारी बसलेली,
पायानं नसलेला ब्रेक दाबत प्रत्येक उतारावर.
मी फोनवर नवं दरपत्रक लिहायला घेतलं,
तीनशे नग, मुदत सहा महिने,
आणि दराच्या जागी थांबले.
तिनं आकडा सांगितला.
माझ्या नेहमीच्या दराहून दीड रियाल जास्त.

मी तिच्याकडं बघितलं.
कटती करायला बोट उचललंच होतं माझं,
खरं सांगते, उचललं होतं.

आकडा तसाच लिहिला.
रेंजची एक काडी आली, गेली.
खिडकीतून हात बाहेर काढून
फोन आभाळाकडं धरून बसलोय.
जोखा विचारतेय, क्लच कुठला.