अकरा ग्रॅम

मारिन्या ग्रांदमध्ये भट्टी विझवत नाहीत.
नाताळला नाही, संपात नाही, घरचं कुणी गेलं तरी नाही.
विझली की आतली काच थिजते,
मग भट्टीच फोडावी लागते छिन्नी-हातोड्यानं.
इथल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी कळतं.

मी भट्टीवर नसते.
मी लुसीलिया, वरच्या मजल्यावर, थंड खोलीत,
तारांच्या जुडग्यांत, एका घरघरत्या पंख्यापाशी.
माझं काम काय, ते आईला कधी सांगता आलं नाही.
‘कुलपं सांभाळते,’ म्हणायची शेजारणीला.
तसं बरोबरच होतं.

त्या मंगळवारी पहाटे तीनला
पडदे काळे पडले नाहीत, खंडणीची चिठ्ठी आली नाही,
भोंगा वाजला नाही.
फक्त बाटल्या हलक्या व्हायला लागल्या.
ऑलिव्ह तेलाच्या, पाऊण लिटरच्या, हिरव्या.
अकरा ग्रॅम.
डोळ्याला कळणार नाही एवढं. काट्याला कळलं असतं,
पण काटाही कुणीतरी पढवून ठेवलेला:
ठीक आहे, म्हणत राहिला, ठीक आहे, ठीक आहे.

कळलं बेल्मीरूला.
पट्ट्यावरून एक उचलली, नखानं टिचकी मारली,
कानाशी धरली, बराच वेळ,
आणि म्हणाला, ‘ही खोटं बोलतेय.’

मग मी खाली धावले, पायात घरच्या सपाता,
आणि एकेक तार उपटत गेले.
बत्तीस वर्षांच्या त्या माणसानं
झडपा हातानं फिरवायला घेतल्या,
खडूनं भिंतीवर आकडे लिहीत.
एक्केचाळीस तास.
कुणी सूप आणलं, कुणी शिव्या आणल्या.
भट्टी तेवढी जिवंत राहिली.
बाटल्या सगळ्या फोडल्या,
ढीग पुन्हा तिच्याच पोटात ढकलला.
काचेला आधीचा आकार आठवत नाही.

नोंदींना आठवतो.
दोन रात्री मी त्या वाचत मागे मागे गेले,
आणि चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी,
मला माझंच नाव सापडलं.

पट्टा अडकला होता. दुरुस्तीवाला होता फाएन्झाचा.
‘बाई, रस्त्यावर बर्फ आहे,’ फोनवर म्हणाला,
‘एक दार उघडा, घरूनच करतो.’
मी लैरियाच्या इस्पितळात, मांडीवर लॅपटॉप,
शेजारी आईच्या नाकात नळी.
दार उघडलं.
त्यानं बारा मिनिटांत पट्टा चालू केला, आभार मानले.
सोमवारी बंद करू, असं ठरवलं होतं.
सोमवारी आईला पुरलं.

आता दर आठवड्याला यादी घेऊन फिरते.
हे दार कुणासाठी? ते कोण वापरतं?
हा पासवर्ड कागदावर चिकटवून कुणी ठेवलाय,
आणि तोही मालकाच्या कुत्र्याच्या नावाचा?
पोरं हसतात. ‘आली पोलीस.’
हसू देत.
कुलपाचं कौतुक कुणी करत नसतं,
चोरी झाली की मात्र किल्ली कुणाकडे होती ते विचारतात.

संचालक दोना फिलोमेनानं विचारलंच.
छापील तक्ता होता, त्यात एक चौकट: कारण.
मी लिहिलं,
‘पुरवठादाराचा जुना मार्ग उघडा राहिला होता.’
खोटं नव्हतं.
अकरा ग्रॅम कमी होतं.

तिनं वाचलं, मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं.
काचेपलीकडे, खाली, पट्टा सरकत होता,
आणि बेल्मीरू दर दहाव्या बाटलीला
अजूनही टिचकी मारून बघत होता,
नवा काटा बसवलेला असून.

‘थांबा,’ मी म्हटलं,
‘तो कागद जरा परत द्या.’