एकच कोट

वेंगुर्ल्यात मासळी बाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझा स्टुडिओ.
माझ्याकडे एक कोट होता, एका जुन्या निगेटिव्हमध्ये.
काळा, डाव्या खिशाशी किंचित उसवलेला.
तो मी घालायचो उघड्या अंगाच्या माणसांना,
ती गेल्यानंतर.

बारशाच्या घोळक्यातून कापून आणलेला चेहरा,
त्याखाली कोट, पांढरी कॉलर.
डोळे मिटलेले असले तर उघडायचे
एक नंबरच्या ब्रशने, श्वास रोखून.
बुबुळात उजेडाचा ठिपका, पंचवीस रुपये जादा.

नवाबागेत अजून भिंतीभिंतीवर तोच कोट.
कोचरेकरांकडे तोच, गिरपांकडे तोच,
पास्कू फर्नांडिसच्या आज्यालाही तोच.
वर्षश्राद्धाला आलेले पाहुणे तो ओळखतात
आणि हसत नाहीत.

परवा पोरं मोबाईल घेऊन आली.
सोसायटीच्या निवडणुकीला चार दिवस.
पडद्यावर यामिनी गिरप:
पर्ससीनवाल्यांचं पाकीट घेतलंय मी,
रापण आता मोडीत काढा.
आवाज तिचाच. ‘माका’ म्हणताना नाकात जाणारा मसुद्धा.
काका, तुम्ही फोटोतले. खरं की खोटं?

मी भिंग काढलं.
उजेड कुठून येतो ते शोधलं.
सगळीकडून येत होता.
म्हटलं, खोटं.

“तुमी सांगतास?” एकजण म्हणाला,
“आमच्या आज्याक कोट कोणी घातल्यान?”

उत्तर रात्री सुचलं, तेही अर्धं.
कोटासाठी त्याची आजी आली होती,
या बाकावर बसून तिने कॉलर पसंत केली होती.
पण आज्याला कुठे विचारलं मी?
डोळे उघडू का, असं एकालाही नाही.
त्यांच्या तोंडात शब्द घातला नाही, हे खरं.
एवढ्याशा खऱ्यावर किती वेळ टेकून बसणार?

यामिनी एकोणीस मतांनी पडली.
खोटं आहे हे आम्हाला कळलंच होतं,
असं आता जो तो सांगतो.

आज ती आली. पासपोर्ट साइज, सहा प्रती.
सवयीने मी विचारलं, गालावरचा तीळ काढू?
ती लेन्सकडे बघत राहिली,
आत कुणी बसल्यासारखं.
“काय्येक करू नकात. तीळ आसा तसो ऱ्हवांदे.
आणि काम झाला की मशिनीतसून पुसा. माझ्यासमोर.”

पुसला. तिने दोनदा खात्री केली.
मी प्रती पाकिटात घालून पुढे केल्या.
तिचा हात थांबला.
मग प्रती तेवढ्या तिने उचलल्या,
पाकीट काउंटरवरच ठेवलं.